शाळेच्या मैदानावर आखलेला चंद्र

लातूरहून मुखेडला एसटीने जायला तीन तास पुरतात. मला सव्वा वर्ष लागलं. इथे किल्ल्यांच्या फेऱ्या वाचायला येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो, की या वेळी किल्ला नाही. औसा, उदगीर, कंधार लिहून झालं. हा प्रवास एका फळ्यासाठी केला आणि तो करायची मला अजिबात इच्छा नव्हती.

नव्या वाचकांसाठी सांगतो. मी माधव, लातुरात डिश आणि कॅमेरे बसवायची कामं करतो. माझी शाळा मुखेडपासून नऊ-दहा किलोमीटरवरच्या एका गावात झाली. गावाचं नाव लिहिणार नाही असं कबूल करून आलोय. तिथे आम्हाला विज्ञानाला बिरादार सर होते. आडनावही खरं नाही, बाकी सगळं खरं आहे. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शाळेच्या बाहेरच्या भिंतीवरचा एक फळा त्यांनी सोडला नाही. त्यावर दर गुरुवारी सूर्यमालेत फिरणाऱ्या यानांची खबर लिहिली जाते. कोण कुठे आहे, कसं आहे, एवढंच. गावातली जी माणसं पुण्याला, हैदराबादला कामाला गेलीत त्यांची चौकशी करावी त्या भाषेत सर ते लिहितात. व्हॉयेजरकडून काही महिने नुसता अर्थहीन मजकूर येत होता तेव्हा फळ्यावर ‘बरळत आहे’ असं होतं, आणि दुरुस्त झाल्यावर ‘शुद्धीवर आला’.

ही खबर सरांना मी देतो. २००४ साली मंगळावर दोन गाड्या उतरल्या तेव्हा मी आयटीआयला होतो. नेट कॅफेत बसून वाचायचो आणि सरांना पोस्टकार्ड टाकायचो. पुढे फोन आले. सरांची नजर अधू झाली, त्यांच्याकडे अजून बटणांचाच फोन आहे, त्यामुळे माझं काम चालूच राहिलं. फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात ‘बातमी देणार: माधव, लातूर’ असं लिहिलेलं असतं. सरांचा नियमच आहे, बातमीला माणूस पाहिजे. वीस वर्षं ते नाव तिथे आहे, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

आता माझी चूक सांगतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपलं यान चंद्रावर उतरलं, प्रज्ञान नावाची छोटी गाडी बाहेर पडली, ते तुम्हाला आठवत असेलच. दहा-अकरा दिवसांनी तिथे रात्र पडणार म्हणून तिला झोपवलं. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांची, आणि थंडी अशी की यंत्र वाचलं तर नशीब. सप्टेंबरात तिथे पुन्हा सकाळ झाली आणि सगळे हाका मारू लागले. त्याच आठवड्यात सरांची बायको, आमच्या काकू, नांदेडला दवाखान्यात होत्या आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. सरांनी गुरुवारची वाट न बघता दवाखान्याच्या व्हरांड्यातून फोन केला. म्हणाले, “उठला का रे?”

प्रज्ञान उठला नव्हता. पण आमच्याकडे आजाऱ्याच्या उशाशी मयताची बातमी नेत नाहीत. सख्खा भाऊ गेला तरी दवाखान्यातल्या माणसाला ‘बरा आहे’ असंच सांगतात. माणूस उठून बसला, घरी आला, की मग हळूच. मी त्याच सवयीने बोललो. म्हटलं, उठला सर. दोन दिवसांनी काकू गेल्या.

त्यानंतर खरं सांगायचा दिवस आलाच नाही. सर प्रत्येक गुरुवारी विचारायचे. चंद्रावर रात्र पडली की मी ‘झोपला’ सांगायचो, सकाळ झाली की ‘उठला’. नुसतं ‘उठला’ म्हटलं की सर विचारायचे, काय केलं त्यानं. मग मी काहीतरी सांगायचो. चार मीटर चालला. एका खड्ड्याला वळसा घातला. एक खोटं झाकायला दुसरं, असं करत सव्वा वर्ष गेलं. बाकी सगळ्या यानांची बातमी मी खरीच देत होतो. मंगळावरच्या हेलिकॉप्टरचं पातं तुटलं तेसुद्धा सांगितलं. फक्त या एका ठिकाणी माझी जीभ वळत नव्हती.

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या गुरुवारी, सर फोनवर खुशीत होते. सोमवारी मुखेडला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि सातवीतल्या तीन मुली प्रज्ञानवर प्रकल्प मांडणार होत्या. चंद्रावरच्या सोळा रात्री काढून सोळा वेळा उठलेली गाडी. तक्ता तयार होता. सर म्हणाले, सगळी माहिती तुझी हाय, तक्त्यावर नाव टाकलंय. मी फोन ठेवला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो. परीक्षक काही चंद्रावरचे नसतात, कुणीही खिशातला फोन काढून बघितला असता. त्या पोरी भर मंडपात खोट्या पडल्या असत्या, आणि त्यांच्या मागे सर उभे असणार होते.

शनिवार: लातूर ते मुखेड

सकाळी सातची गाडी पकडली. लातूर स्टँडच्या बाहेर सुशीला खाऊन घ्या, भिजवलेल्या मुरमुऱ्यांची, वर शेव आणि लिंबू. पुढे धड काही मिळत नाही. शिरूर ताजबंदपर्यंत नांदेडचा मोठा रस्ता आहे, गाडी पोटातलं पाणी हलू देत नाही. तिथून मुखेडकडे वळलं की रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंना काळं रान, वाळायला लागलेली तूर, मध्ये हिरवागार हरभरा. डिसेंबर हा इकडे यायचा सगळ्यात चांगला महिना आहे. मी खिडकीतून हे सगळं बघत होतो आणि मनात एकच वाक्य घोळवत होतो, की सर, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. त्याच्या पुढचं काही सुचत नव्हतं.

शेजारी वाटेवरच्या जांब गावचे एक काका बसले होते, मांडीवर मोटारीचा सुटा पंखा. कुठं निघालात विचारलं, मी गावाचं नाव सांगितलं. तर म्हणाले, “त्या चांदोबाच्या फळ्याचं गाव न्हवं का? त्या सरांना म्हणावं, लाईट कवा येणार ते बी लिवा एखाद्या कोपऱ्यात.” मी हसलो. मग त्यांनी सहज विचारलं, ती आपली गाडी अजून चालून राहिली का वर? फळ्यावर वाचलं होतं त्यांनी, जाता-येता. मी खिडकीबाहेर बघितलं आणि बघतो म्हटलं. माझं खोटं जांबपर्यंत पोचलं होतं हे मला तेव्हा कळलं.

मुखेडला उतरल्यावर गावाकडे काळी-पिवळी जीप मिळते. बाजाराच्या दिवशी मात्र जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. एरवी दहा माणसं जमली की निघते, तोवर स्टँडसमोर चहा प्यायचा. मी दोन प्यायलो आणि एक जीप मुद्दाम सोडली.

गावात शिरल्यावर पहिली शाळाच लागते. फळा तसाच होता, फक्त अक्षर बदललेलं. सरांचा हात आता थरथरतो, म्हणून त्यांची सून मीरावहिनी लिहितात हे मला माहीत होतं. वहिनींचे मालक हैदराबादला कंपनीत आहेत, पंधरा दिवसांनी येतात. घरी सासरे आणि सून दोघंच. फळ्यावर मी गुरुवारी दिलेलं सगळं होतं. व्हॉयेजर सगळ्यात लांब, त्याचा आवाज यायला जवळजवळ तेवीस तास लागतात, खुशाल. मंगळावरची गाडी खुशाल. सूर्याला भिडायला गेलेलं यान नाताळच्या आदल्या दिवशी सगळ्यात जवळ जाणार, तोवर काही दिवस बोलणार नाही. आणि मध्ये, रंगीत खडूने चौकट करून: प्रज्ञान, चंद्र, जागा आहे. खाली कोपऱ्यात माझं नाव.

पण मला खरा धक्का फळ्याने नाही, मैदानाने दिला. शाळेच्या मैदानावर पांढऱ्या फक्कीने एक रेघ मारली होती. झेंड्याच्या खांबापासून निघून, वळणं घेत, कडुलिंबाच्या झाडापर्यंत, आणि तिथून पुढे हापशाला वळसा घालून कुंपणापर्यंत. पोरांनी प्रज्ञानचा रस्ता आखला होता, मीटरला मीटर. माझ्या फोनवर तो जागा असला, की ती रेघ पुढे सरकायची. प्रज्ञान खराखुरा चालला तो शंभर मीटरच्या आसपास, म्हणजे खांबापासून लिंबापर्यंत. त्यापुढचं सगळं माझ्या तोंडचं होतं. ज्या खड्ड्याला मी दुकानात बसून वळसा घातला होता, तिथे पोरांनी खरोखर एक खड्डा खणून ठेवला होता.

सर ओट्यावर बसले होते. मला बघून काठी टेकत उठले, पाया पडू दिलं नाही. आत नेऊन तक्ता उघडून दाखवला. सोळा चौकोन, प्रत्येकात काळी रात्र आणि तिच्या शेजारी पिवळा सूर्य. पोरींनी स्केचपेनने रंगवलेलं. सर एकेका चौकोनावरून बोट फिरवत राहिले, दिसत किती होतं कोण जाणे. मग तक्ता गुंडाळता गुंडाळता म्हणाले, “तुझी काकू गेली तवा मला उठावं वाटंना माधवा. अंथरुणातच पडून राहायचो. मग म्हणायचो, एवढ्या गारठ्यात ते यंत्र उठून राहिलं, मला काय झालं. असं करून उठायचो.”

त्या वेळी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. संध्याकाळी जेवायला हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा होता, आणि मी आग्रहाची तिसरी भाकरीसुद्धा खाल्ली. सरांनी शुक्राचं काय चाललंय विचारलं. मी शुक्रावर अर्धा तास बोललो. अंथरुणावर पडल्यावर स्वतःची लाज वाटत राहिली.

रविवार: गावातच

सकाळी सर फिरायला गेले होते. वहिनी चुलीवर भाकरी टाकत होत्या, मी उंबऱ्यावर चहा घेऊन बसलो. त्यांनी वर न बघताच विचारलं, “सांगायला आलाव का भाऊजी?”

माझ्या हातातला कप तसाच राहिला. वहिनींकडे स्मार्टफोन आहे. त्यांनी पहिल्याच महिन्यात बघितलं होतं. शाळेतल्या नव्या मॅडमनाही माहीत होतं, आणि पारावर बसणाऱ्या दोघा-तिघांनाही. सर दुःखात आहेत म्हणून कुणी बोललं नाही, आणि प्रदर्शन आलं तोवर बोलायची वेळ निघून गेली होती. वहिनी तर दर गुरुवारी खोटं आहे हे माहीत असून ते स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहीत होत्या. मी एकटाच गुन्हेगार आहे असं समजून सव्वा वर्ष कुढत होतो, आणि इथे सगळं गाव एका आजाऱ्याच्या उशाशी उभं होतं. मला थोडं हायसं वाटलं हे कबूल करतो. वहिनींच्या लक्षात आलं असावं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, “मामा आता आजारी न्हाईत. रोज दोन कोस चालतेत. आपणच त्यांना आजारी धरून बसलाव.” इकडे सुना सासऱ्यांना मामा म्हणतात.

मी म्हटलं, तुम्ही चला सोबत. त्या म्हणाल्या येते, पण बोलायचं तुम्ही.

सर मैदानाच्या कडेला, कुंपणाशी उभे होते, जिथे रेघ संपत होती. रोज सकाळी ते त्या रेघेवरून चालायचे, हे मला तिथे कळलं. पांढरं असल्यामुळे तेवढं त्यांना दिसायचं. मी जवळ गेलो आणि बसमध्ये घोळवलेलं सगळं विसरलो. सरळ सांगून टाकलं. की सर, प्रज्ञान उठला नाही. कधीच उठला नाही. पहिल्या रात्रीनंतर त्याचा आवाज आलेला नाही. तुम्ही दवाखान्यातून विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो, आणि मग बोलतच राहिलो.

हापशावर पाणी भरणारी एक बाई आमच्याकडे बघून कळशी उचलून निघून गेली. मी रागाची वाट बघत होतो. शाळेत त्यांच्या हातचा मार खाल्लेला आहे, तो परवडला असता.

“काकूच्या टायमाला बोललास ते मी समजू शकतो,” ते शेवटी म्हणाले. “माणूस अडचणीत असला की आपण बी तसंच बोलतो. पर त्याच्यानंतर? खड्ड्याला वळसा घातला म्हणलास. ते कुठून आणलंस?”

मनाने सांगितलं, असं म्हणालो. वहिनी मागून म्हणाल्या, मामा, मला बी माहीत होतं, मी बी लिहीत होते. सरांनी त्यांच्याकडे मान वळवली आणि पुन्हा समोर बघितलं. त्या क्षणी ते खूप म्हातारे दिसले. मला वाटलं, आपण या माणसाचं उठणंच काढून घेतलं.

मग त्यांनी काठी पुढे केली. म्हणाले, खरं कुठवर हाय ते दाव.

आम्ही कुंपणापासून उलटे चालत निघालो. हापसा ओलांडला, खणलेला खड्डा ओलांडला. साठेक पावलं असतील, मला ती कोसभर वाटली. कडुलिंबाखाली आल्यावर मी म्हटलं, इथवर, सर. इथवर तो खरंच चालला.

सर झाडाच्या बुंध्याला हात लावून उभे राहिले. “म्हंजे तो हितं हाय,” ते म्हणाले.

मी हाव म्हटलं. मग मला जेवढं खरं माहीत होतं तेवढं सांगितलं. झोपवताना त्याची बॅटरी पूर्ण भरलेली होती. त्याच्या उन्हावर वीज करणाऱ्या पाट्या अशा वळवून ठेवल्या होत्या की सूर्य उगवला की पहिला उजेड त्यांच्यावर पडावा. ऐकायचं यंत्रही चालू ठेवलं होतं.

“उठायच्या तयारीनंच झोपला की मग.”

“हाव, सर.”

ते हळूच झाडाखाली बसले, काठी आडवी मांडीवर घेतली. “तुझ्या काकूनं बी दवाखान्यात रातच्याला, सकाळी चहात आलं टाका म्हणून सांगितलं व्हतं मला. सकाळी उठलीच न्हाई,” ते म्हणाले. हे त्यांनी याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं, असं वहिनी मला नंतर म्हणाल्या. मग सर स्वतःशी बोलावं तसं म्हणाले, तो उठला न्हाई, अन् मी उठत राहिलो. त्यात तक्रार नव्हती आणि समाधानही नव्हतं, नुसती नोंद होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दहा वाजता सरांनी तिन्ही पोरींना आणि जी जमली त्या पोरांना शाळेत बोलावलं. सरांचा फळ्याचा आणखी एक नियम आहे. चुकलेलं फडक्याने पुसायचं नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर काय ते लिहायचं आणि ज्याने चुकीची बातमी दिली त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं. महिनाभर ते तसंच राहू द्यायचं. इतक्या वर्षांत माझ्यावर ती वेळ आली नव्हती. मी खडू घेतला, ‘जागा आहे’ वर रेघ मारली आणि लिहिलं: पहिल्या रात्रीनंतर उठला नाही. मला माहीत होतं, मी खोटं सांगितलं. माधव. वहिनींनी खडू माझ्या हातून घेतला आणि खाली स्वतःचंही नाव लिहिलं.

तिघींपैकी एक, तक्ता छातीशी धरून उभी असलेली, घाबऱ्या आवाजात म्हणाली, “सर, मग आमचं मैदान खोटं हाय का?”

“लिंबापातूर खरं हाय,” सर म्हणाले.

त्या तिघी लगेच तक्त्यावर बसल्या. सोळाही पिवळ्या सूर्यांवर एकेक आडवी रेघ मारताना एकीचे डोळे भरले होते. एवढ्या मेहनतीचा तक्ता माझ्यामुळे विद्रूप झाला. मी नवा कागद आणून देतो म्हटलं, मुखेडहून तासाभरात आणला असता. सर नको म्हणाले. पोरींनीही मग नको म्हटलं. पोरांनी लिंबापासून कुंपणापर्यंतची रेघ मात्र पायाने पुसून टाकली. तिथे नियम काही लागू नव्हता असं दिसतं, किंवा पोरांना पायाने फक्की उडवायला आवडतं एवढंच.

दुपारी निघताना सरांनी मला जेवायला थांब म्हटलं नाही. नुसता पाठीवर हात ठेवला.

परत: देगलूर, उदगीर

आल्या वाटेने परत जायची हिंमत नव्हती, जांबचे काका भेटले असते तर काय सांगणार होतो. म्हणून मुखेडहून देगलूरची गाडी धरली. हा रस्ता ज्यांना जमेल त्यांनी जरूर करावा. देगलूरजवळ होट्टलला चालुक्यांच्या काळची दगडी मंदिरं आहेत. देगलूरहून रिक्षा करावी लागते, येण्याजाण्याचं आधीच ठरवून घ्या. मी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं, माझ्याशिवाय कुणी नव्हतं. भिंतीवरच्या बायका इतक्या बारीक कोरल्यात की त्यांच्या बांगड्या मोजता येतात. एरवी मी शंभर फोटो काढले असते. त्या दिवशी पायरीवर बसून राहिलो, एकही काढला नाही, म्हणून या पोस्टमध्ये फोटो नाहीत.

देगलूर स्टँडवर चहावाला एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये आणि माझ्याशी मराठीत बोलत होता, तिन्ही वेळा एकच गोष्ट, की दूध संपलंय. कोरा चहा घेतला. उदगीरमार्गे लातूरला पोचायला साडेतीन तास लागले. रस्ता बरा आहे, गाड्या वेळेवर असतीलच असं नाही. जाण्यायेण्याचा सगळा खर्च हजारात सहज बसतो.

घरी

प्रदर्शनाचं वहिनींनी सोमवारी कळवलं. बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी विचारलं की हे खाडाखोड केलेलं कशाला मांडलंय, तर त्या मुलीने सांगितलं की आमची बातमी चुकली होती, म्हणून खोडली. परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेले. सर मागे खुर्चीवर बसून होते म्हणे, शेवटपर्यंत.

गुरुवार आला. मला वाटत होतं फोन येणार नाही. संध्याकाळी आला. सरांनी नेहमीसारखी सुरुवात केली नाही, माझी खुशाली विचारली नाही. म्हणाले, सूर्याकडं गेलेलं खुशाल हाय का?

ते यान दोन दिवसांपूर्वी सूर्याच्या अगदी जवळून गेलेलं असणार होतं. पण त्या भट्टीतून ते जगलं की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं, त्याची खूण अजून यायची होती. ‘खुशाल आहे’ हे दोन शब्द माझ्या तोंडात आलेच होते. वीस वर्षांची सवय, आणि म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं ही इच्छा. मी म्हटलं, “माहीत नाही, सर. उद्या-परवा कळेल.”

“कुठं वाचलंस?” सरांनी विचारलं.

मी सांगितलं. पलीकडे त्यांनी वहिनींना हाक मारून ‘माहीत न्हाई’ असं लिहायला सांगितलेलं मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी खूण आली. यान वाचलं होतं. मी ते तीन ठिकाणी वाचलं आणि मगच फोन लावला. वहिनींनी उचलला, तर म्हणाल्या, थांबा, तुम्हीच सांगा मामांना, माझं बी आता एकदम खरं धरत न्हाईत ते. सर फोनवर आले. मी बातमी सांगितली. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, कुठं वाचलंस. मी तिन्ही ठिकाणं सांगितली, मग ते बरं म्हणाले.

वीस वर्षांत त्यांनी मला हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. आता दर गुरुवारी विचारतात, आणि मी दर गुरुवारी सांगतो.